न्यूटनचा जुगाड आणि १२९ वर्षं उघडा राहिलेला बग

(या भागाचा हा लिखित मजकूर. ऐकताना आकडे निसटतात अशी तुमच्यापैकी बऱ्याच जणांची तक्रार असते, म्हणून आकडे नीट तपासून दिलेत. बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'बरं का' थोडे कमी केलेत. सगळे नाही.)

हेडफोन लावलेत ना? आजचा भाग त्या हेडफोनच्या आत आत्ता जे चाललंय त्याबद्दलच आहे. पण सुरुवात एका कबुलीने करतो.

इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आम्ही चौघांनी मिळून एक मिनी प्रोजेक्ट केला होता. टाकीत किती पाणी उरलंय ते सांगणारं यंत्र. कॉलेज विदर्भातलं, महिना एप्रिलचा, त्यामुळे विषय जिव्हाळ्याचा. एक आर्डुइनो आणि त्याला जोडलेला एक स्वस्तातला अल्ट्रासॉनिक सेन्सर, एवढंच सामान. हा सेन्सर आपल्या कानाला ऐकू न येणारा आवाज सोडतो. आवाज पाण्यावर आपटून परत येतो. जायला-यायला किती वेळ लागला ते मोजायचं, आवाजाच्या वेगाने गुणायचं, दोनने भागायचं. झालं अंतर. वेग आम्ही नेटवरच्या तयार कोडमधून जसाच्या तसा उचलला होता: सेकंदाला ३४० मीटर.

लॅबवर पत्रे. दुपारी आत चाळीसच्या आसपास तापमान. भिंतीपासून टेप लावून बरोबर २०० सेंटीमीटरवर सेन्सर ठेवला, तर स्क्रीनवर १९१, १९२. वायर बदलून बघितल्या, सेन्सर बदलला, तरी तेच. सबमिशन दुसऱ्या दिवशी. शेवटी मी कोडमध्ये एक ओळ टाकली: येईल त्या उत्तराला १.०४४ ने गुणा. स्क्रीनवर २०० आले. सगळ्यांनी टाळ्या दिल्या, चहाला गेलो.

परीक्षा झाली एसी सेमिनार हॉलमध्ये. तिथे तोच सेन्सर, तेच दोन मीटर, आणि स्क्रीनवर २०६. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी कोड बघितला आणि विचारलं, "हा १.०४४ कुठून आणला?" मी म्हणालो, "कॅलिब्रेशन आहे, सर." ते म्हणाले, "कशाचं?"

या 'कशाचं?'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मार्क गेले त्याचं फार वाटलं नाही, पण तो प्रश्न डोक्यात राहिला. नंतर बऱ्याच वर्षांनी वाचनात आलं की हाच उद्योग, याच आवाजाच्या वेगासाठी, खुद्द आयझॅक न्यूटनने केला होता. तोही त्याच्या सगळ्यात गाजलेल्या पुस्तकात. आणि त्याला 'कशाचं?' विचारून त्याचं खरं उत्तर मिळायला १८१६ साल उजाडलं.

दरवाजातला धक्का

आधी आवाज म्हणजे नक्की काय ते दोन मिनिटांत बघू. शाळेत संपीडन आणि विरलन हे शब्द पाठ केले होते, आठवतंय? चिंता नको, आपण लोकलने जाऊ.

संध्याकाळची भरलेली लोकल. दादरला दारातून चार जण आत घुसतात. दाराजवळची माणसं दाबली जातात, ती पुढच्यांना ढकलतात, ते त्यांच्या पुढच्यांना. धक्का पार सीटपर्यंत पोचतो. पण दारातला माणूस सीटपर्यंत पोचलेला नसतो, तो जागच्या जागी थोडा पुढे-मागे झालेला असतो. आतपर्यंत गेली ती फक्त दाटी.

हवेत हेच होतं. हेडफोनचा पडदा पुढे आला की त्याच्यासमोरची हवा दाटते. तिथली घनता वाढते, म्हणून दाब वाढतो, म्हणून ती पुढच्या थराला ढकलते. पडदा मागे गेला की तिथली हवा विरळ होते, दाब कमी होतो. दाट, विरळ, दाट, विरळ अशी रांग तुमच्या कानाच्या पडद्यापर्यंत जाते. हवा जात नाही, दाटी जाते.

आता ही दाटी किती वेगाने जाईल, हे दोन गोष्टींवर ठरतं. एक, दाबल्यावर हवा किती जोरात उलट ढकलते. दोन, हलवायला ती किती जड आहे. उलट ढकलणं जितकं जोरदार तितका वेग जास्त. हवा जितकी जड तितका वेग कमी. आजची सगळी गोष्ट यातल्या पहिल्या मुद्द्यावर अडलेली आहे: थोडी दाबल्यावर हवा नक्की किती जोरात उलट ढकलते?

बरणीतलं घड्याळ

आवाजाला हवा लागते हे आज आपल्याला उघड वाटतं, पण तेही कुणीतरी करून दाखवावं लागलं. १६६० मध्ये रॉबर्ट बॉयलने आपल्या नव्या हवेच्या पंपावरच्या प्रयोगांचं पुस्तक छापलं. त्यातल्या एका प्रयोगात काचेच्या भांड्यात दोऱ्याने एक घड्याळ टांगलं होतं. पंपाने हवा काढत गेले तशी टिकटिक मंद होत गेली आणि शेवटी ऐकू येईनाशी झाली. काटा मात्र फिरताना दिसत होता.

१६६२ मध्ये बॉयलनेच तो नियम मांडला जो आपण नववी-दहावीपासून वापरतोय: तापमान तेच असेल तर हवा निम्म्या जागेत कोंबल्यावर दाब दुप्पट होतो. घनता एक टक्का वाढली की दाबही एक टक्का वाढतो. हे 'तापमान तेच असेल तर' लक्षात ठेवा. पुढचा सगळा गोंधळ या चार शब्दांचा आहे.

९७९ आणि ११४२

१६८७ मध्ये न्यूटनचं 'प्रिन्सिपिया' आलं. गुरुत्वाकर्षणासाठी आपण ते ओळखतो, पण त्याच्या दुसऱ्या खंडात आवाजाचंही गणित आहे. कुठलाही प्रयोग न करता, फक्त हवेचा दाब आणि घनता एवढ्यावरून आवाजाचा वेग काढून दाखवणारा हा पहिला माणूस. आजच्या भाषेत त्याचं सूत्र अगदी सुटसुटीत आहे: दाबाला घनतेने भागा आणि वर्गमूळ काढा. उलट ढकलण्याचा जोर मोजायला त्याने बॉयलचाच नियम घेतला. घनता एक टक्का, दाब एक टक्का.

पहिल्या आवृत्तीत उत्तर आलं सेकंदाला ९६८ फूट. तेव्हा लोकांनी मोजलेले वेग एकमेकांपासून इतके लांब होते की हा आकडा त्या गर्दीत सहज खपून गेला. टेस्ट डेटाच खराब असेल तर कोड पास होतोच.

अडचण आली चांगला डेटा आल्यावर. इंग्लंडमध्ये तेव्हा एसेक्स परगण्यात उपमिन्स्टर नावाचं गाव होतं. तिथल्या चर्चचा धर्मगुरू होता विल्यम डरहॅम. या माणसाला मोजायचा नाद होता. चर्चच्या मनोऱ्यावर दुर्बीण घेऊन बसायचं, लांब कुणीतरी बंदूक किंवा तोफ उडवायची, जाळ दिसला की अर्ध्या सेकंदाचा लंबक मोजायला सुरुवात करायची आणि आवाज आला की थांबायचं. सुमारे २० किलोमीटरवरच्या ब्लॅकहीथच्या माळावरून तोफ उडाली की आवाज पोचायला साधारण एक मिनिट लागे. इतक्या मोठ्या अंतरावर अर्धा सेकंद इकडे-तिकडे झाला तरी फार बिघडत नाही. वारा कुठल्या बाजूचा हेसुद्धा तो लिहून ठेवायचा. १७०८ मध्ये त्याने आकडा छापला: सेकंदाला ११४२ फूट, म्हणजे सुमारे ३४८ मीटर.

न्यूटनने आपलं गणित सुधारून बघितलं. ९७९. आजच्या हिशेबात सुमारे २९८ मीटर. फरक थोडाथोडका नाही. खरा वेग गणितापेक्षा साधारण १७ टक्क्यांनी जास्त. माझा १.०४४ होता, त्याला १.१६७ हवा होता.

१७१३ चा पॅच

'प्रिन्सिपिया'ची दुसरी आवृत्ती १७१३ मध्ये निघाली. त्यात न्यूटनने काय केलं ते बघा.

पहिली दुरुस्ती: हवेचे कण घन असतात आणि आवाज घन कणांमधून क्षणात आरपार जातो. म्हणजे तेवढं अंतर फुकटात वाचलं. कणांचा आकार आणि त्यांच्यामधली जागा यांचं प्रमाण त्याने सोयीचं धरलं आणि त्यातून १०९ फूट मिळवले. ९७९ अधिक १०९, झाले १०८८.

दुसरी दुरुस्ती: हवेत बाष्पही असतं आणि ते आवाजाच्या हालचालीत भाग घेत नाही. अकरा भागांत दहा भाग खरी हवा आणि एक भाग बाष्प धरलं, तर हलवायचं वजन कमी होतं आणि वेग २१ भागिले २० पटीने वाढतो. आता मोबाईलवर कॅल्क्युलेटर उघडा. १०८८ गुणिले २१, भागिले २०. उत्तर ११४२.४.

डरहॅमचा आकडा अगदी फुटापर्यंत बरोबर!

गंमत अशी की या दोन्ही प्रमाणांना कुठल्याही मोजमापाचा आधार नव्हता. उत्तर आधी ठाऊक होतं आणि कारणं त्याला बेतून शिवली होती. १९७३ मध्ये रिचर्ड वेस्टफॉल या इतिहासकाराने 'सायन्स' या नियतकालिकात न्यूटनच्या अशा बेतलेल्या आकड्यांवर एक लेख लिहिला. त्याच्या नावातच 'फज फॅक्टर' आहे. आपल्या भाषेत जुगाड. तुमच्यापैकी जे मशीन लर्निंग करतात त्यांनी आत्तापर्यंत ओळखलं असेल: एका डेटा पॉइंटसाठी दोन मोकळे पॅरामीटर. ओव्हरफिटिंग.

आता न्यूटनची बाजूही मांडायला हवी. उष्णता नावाची गोष्ट त्या काळी नीट मोजताच येत नव्हती. फॅरनहाइटचा पाऱ्याचा थर्मामीटर १७१४ चा, म्हणजे ही आवृत्ती निघाल्यानंतरचा. खरं कारण शोधायला लागणारी हत्यारंच त्याच्या हातात नव्हती. त्यामुळे उत्तर चुकलं याबद्दल त्याला दोष देता येत नाही. मला खटकतं ते दुसरंच. 'इथे १७ टक्क्यांचा फरक आहे आणि तो का आहे ते मला कळलेलं नाही', एवढं एक वाक्य लिहून तो सोडून देऊ शकला असता. त्याऐवजी त्याने फरकावर गिलावा करून टाकला.

गिलाव्याखालची भेग

पुढच्या लोकांना तो गिलावा पटला नाही, पण भेगही भरता येईना. १७३८ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीने शहराबाहेर तोफा उडवून वेग पुन्हा मोजला. खरा वेग न्यूटनच्या मूळ गणिताहून बराच जास्त आहे हे पक्कं झालं. १७४० मध्ये इटलीत बोलोन्याच्या बियांकोनीने दाखवलं की उन्हाळ्यात आवाज हिवाळ्यापेक्षा जोरात धावतो.

१७५९ मध्ये ऑयलर आणि लाग्रांज या त्या शतकातल्या दोन सगळ्यात तगड्या गणितज्ञांनी हा प्रश्न हाती घेतला. न्यूटनची मांडणी कच्ची होती, यांनी पक्की केली. आज आपण वापरतो ती तरंगांची समीकरणं याच काळातली. सगळं गणित नव्याने करून उत्तर काय आलं? तेच, न्यूटनचं जुनं, कमी असलेलं उत्तर.

हा सगळ्यात वैताग आणणारा बग असतो. कोड पुन्हा पुन्हा वाचला, एकही ओळ चुकलेली नाही, आणि आउटपुट चुकीचा. अशा वेळी चूक कोडमध्ये नसते. कोड लिहिण्याआधी आपण जे गृहीत धरलंय, त्यात असते.

सायकलचा पंप

लहानपणी सायकलमध्ये हवा भरलीय ना? पंधरा-वीस वेळा पंप मारून झाल्यावर पंपाच्या खालच्या टोकाला हात लावून बघा. चांगलं गरम लागतं. थोडी उष्णता घासण्याची असते, पण मुख्य कारण वेगळं आहे: हवा झटकन दाबली की तापते. उलट हवा झटकन पसरली की गार पडते.

आता लोकलमधल्या दाटीकडे परत या. आवाज जाताना हवेचा एक थर दाबला जातो, म्हणजे तो तापतो. तापलेली हवा जास्त जोरात ढकलते. म्हणजे उलट ढकलण्याचा जोर बॉयलच्या नियमाने सांगितला त्यापेक्षा जास्त. 'तापमान तेच असेल तर' या अटीवर तो नियम उभा होता, आणि आवाजात तापमान तेच राहत नाही. अट मोडलेली होती आणि १६८७ पासून कुणी तिकडे बघितलंच नव्हतं.

ही कल्पना फ्रान्सच्या पिएर-सिमों लाप्लासची. १८०२ मध्ये त्याच्या सांगण्यावरून जाँ-बातिस्त बियो या तरुण शास्त्रज्ञाने ती पहिल्यांदा कागदावर मांडली. १८१६ मध्ये लाप्लासने स्वतः सूत्र दिलं. न्यूटनचं सूत्र फेकायचं नाही, फक्त दाबाला एका संख्येने गुणायचं. ही संख्या म्हणजे हवेच्या दोन विशिष्ट उष्मांचं गुणोत्तर. हवा मोकळी पसरू देऊन एक अंश तापवायला किती उष्णता लागते, आणि बंद डब्यात कोंडून तापवायला किती लागते, या दोन आकड्यांचा भागाकार. हवेसाठी ते आज आपण १.४ धरतो. १.४ चं वर्गमूळ साधारण १.१८.

शून्य अंश तापमानाला हिशेब करून बघा. न्यूटनच्या सूत्राने सुमारे २८० मीटर येतात. गुणिले १.१८३, झाले ३३१. शून्य अंशाला आवाज खरोखर ३३१ नेच जातो.

तुम्ही म्हणाल, हाही एका आकड्याने गुणाकारच झाला की! न्यूटनने गुणलं तो जुगाड आणि लाप्लासने गुणलं ते विज्ञान, असं कसं?

माझ्या मते अख्ख्या भागातला कळीचा प्रश्न हाच. लाप्लासची संख्या आवाजाशी काहीही संबंध नसलेल्या प्रयोगातून येते. भांडं, हवा, थर्मामीटर, उष्णता. तोफ नाही, चर्चचा मनोरा नाही. ती वेगळी मोजायची आणि मग आवाजाच्या सूत्रात घालायची. उत्तर आधी बघून ती ठरवायची सोयच नाही.

आणि १८१६ मध्ये नेमकं हेच घडलं. तेव्हा उपलब्ध असलेल्या मोजमापांवरून ते गुणोत्तर सुमारे १.५ येत होतं. ते घातल्यावर वेग मोजलेल्या आकड्यापेक्षा काही मीटरने जास्त आला. म्हणजे लाप्लासचं उत्तर थोडं चुकलेलं होतं, आणि त्याने ते तसंच छापलं. बाष्प नाही, घन कण नाहीत. पुढे १८१९ मध्ये क्लेमां आणि देसोर्म यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. गुणोत्तर खाली आलं आणि गणित आणखी जवळ सरकलं. फुटापर्यंत बरोबर असलेल्या न्यूटनच्या उत्तरातून पुढे मोजण्यासारखं काहीच निघत नव्हतं. लाप्लासच्या चुकलेल्या उत्तराने मात्र नेमकं सांगितलं की पुढे काय मोजायचं.

लाखाव्या भागाची गंमत

इथे एक शंका येईल, मलाही आली होती. मी बोलतोय त्याने हवा तापते? मग मीटिंगमध्ये एवढं बोलून ऑफिसचा एसी बंद कसा नाही पडला?

आकडे बघू. आपल्याभोवतीच्या हवेचा दाब सुमारे १,०१,३२५ पास्कल असतो. साध्या गप्पांच्या आवाजाने त्यात होणारा चढ-उतार असतो ०.०२ पास्कल. म्हणजे पन्नास लाखांत एक भाग. त्यामुळे होणारा तापमानातला बदल हा एका अंशाच्या लाखाव्या भागाच्या दुप्पटीहूनही कमी. तोही क्षणभर, कारण लगेच विरळ होण्याची पाळी येते आणि तोच थर तेवढाच गार पडतो. हिशेब शून्य. एसी सुरक्षित.

मग एवढ्याशा बदलाने वेगात १८ टक्के फरक कसा? कारण वेग ठरवताना दाब किती वाढला हे बघितलं जात नाही. घनतेच्या मानाने किती वाढला ते बघितलं जातं. घनता एक टक्का वाढली तर दाब १ ऐवजी १.४ टक्के. घनता पन्नास लाखांत एक भाग वाढली तरी दाब १.४ भाग. हळू बोला नाहीतर गणपतीत ढोल बडवा, गुणोत्तर तेच राहतं.

आणि तापलेल्या थरातली उष्णता शेजारी निघून का जात नाही? वेळच नसतो. सेकंदाला २५० कंपनांचा आवाज घ्या. एखादा थर दाबलेला राहतो तो दोन हजारांश सेकंद. एवढ्या वेळात हवेतून उष्णता सरकते मिलिमीटरच्या पाचव्या भागाइतकी. दाट भागापासून विरळ भागापर्यंतचं अंतर मात्र जवळपास ७० सेंटीमीटर. ती पोचेपर्यंत खेळ संपलेला असतो.

मद्रासच्या तोफा

या गोष्टीत एक धागा भारतातलाही आहे. १८२० आणि १८२१ मध्ये मद्रास वेधशाळेचा खगोलशास्त्रज्ञ जॉन गोल्डिंगहॅम याने आवाजाचा वेग मोजला. फोर्ट सेंट जॉर्ज आणि सेंट थॉमस माउंट इथे रोज तोफा उडायच्याच. वेधशाळेपासून एक सुमारे सव्वाचार किलोमीटरवर, दुसरी सुमारे नऊ. जाळ दिसला की मोजायला सुरुवात, आवाज आला की बंद, आणि सोबत तापमान, दाब, आर्द्रता यांची नोंद. एखाद-दुसरा दिवस नाही, बदलत्या ऋतूंमधून महिनोन्‌महिने. निकाल १८२३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आले. थंड महिन्यांत वेग कमी, गरम महिन्यांत जास्त. डरहॅम म्हणाला होता की ऋतूने फरक पडत नाही. मद्रासच्या उन्हाने त्याचं उत्तर दिलं.

१८२२ च्या जूनमध्ये पॅरिसजवळ विल्जुईफ आणि मोंलेरी या दोन ठिकाणी रात्री दोन्हीकडून तोफा उडवून पुन्हा मोजणी झाली. दोन्हीकडून अशासाठी की वाऱ्याचा परिणाम एकमेकांत कटून जावा. मोजणाऱ्यांत आरागो, गे-ल्युसॅक आणि हुम्बोल्ट अशी मंडळी होती. अंतर १८.६ किलोमीटर, तापमान सुमारे १६ अंश, वेग सेकंदाला ३४०.९ मीटर. लाप्लासच्या सूत्राच्या बाजूने हा पक्का पुरावा ठरला.

शेवटी एक वळण सांगितल्याशिवाय राहवत नाही. स्वतः लाप्लासची उष्णतेबद्दलची समजूत चुकीची होती! उष्णता म्हणजे 'कॅलरिक' नावाचा एक अदृश्य द्रव, हवा दाबली की तो पिळून बाहेर येतो, असं तो मानायचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती कल्पना मोडीत निघाली. सूत्र मात्र उभं राहिलं, कारण ते कॅलरिकवर टेकलेलं नव्हतं, मोजता येणाऱ्या गुणोत्तरावर टेकलेलं होतं.

कशाचं?

आता माझ्या १.०४४ कडे येतो. आमची चूक आणि न्यूटनची चूक एक नाही, हे आधी स्पष्ट करतो. त्याच्या हातून निसटली ती लाट स्वतः तयार करते ती उष्णता. आम्ही विसरलो ती खोलीतली साधी उष्णता. गरम हवा विरळ असते, म्हणजे हलकी, म्हणून आवाज वेगात जातो. चाळीस अंशाला सुमारे ३५५ मीटर, बावीस अंशाला सुमारे ३४४. ३५५ भागिले ३४० करून बघा. १.०४४. माझा तो आकडा म्हणजे विदर्भातल्या एप्रिलचं तापमान होतं. मी थर्मामीटर बनवला होता आणि मला पत्ताच नव्हता.

दोन वर्षांपूर्वी तो कोड जुन्या लॅपटॉपमध्ये सापडला. गावी घराच्या गच्चीवरच्या टाकीला लावायचा म्हणून बाहेर काढला. बाजूला एक तापमानाचा सेन्सर जोडला आणि १.०४४ काढून टाकून एक ओळ लिहिली: वेग बरोबर ३३१.३ अधिक ०.६ गुणिले तापमान. मे महिन्यातल्या भर दुपारी बघितलं, पहाटे बघितलं. टाकी तेवढीच भरलेली असताना आकडा तोच येतो. परीक्षक सरांना कळवायची फार इच्छा झाली होती, पण त्यांचा नंबर माझ्याकडे कधी नव्हताच.

ऑफिसच्या कोडमध्ये मी आजही जुगाड करतो. डेडलाइन सगळ्यांनाच असते. पण आता आकड्याशेजारी कॉमेंट लिहितो: 'हा आकडा का चालतो ते माहीत नाही, अमुक तारखेला अमुक डेटावर जुळवला.' कोड रिव्ह्यूमध्ये कधीकधी लोक हसतात, हसू देत. सहा महिन्यांनी त्या ओळीपाशी येणाऱ्या माणसाला निदान भेग कुठे आहे ते दिसतं.

जाता जाता तुमच्यासाठी एक छोटा प्रयोग. पुढच्या पावसात लांब वीज चमकलेली दिसली की घरात बसूनच मोबाईलवर स्टॉपवॉच चालू करा आणि गडगडाट ऐकू आला की बंद करा. दर तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. न्यूटनच्या मूळ सूत्राने गेलात तर किलोमीटरला जवळपास साडेतीन सेकंद धरावे लागले असते. मधला अर्धा सेकंद हवेच्या तापण्याचा.

किती सेकंद आले ते कॉमेंटमध्ये नक्की लिहा, आणि सोबत त्या वेळचं तापमानही लिहा, प्लीज. पुढच्या भागात भेटूच. तोवर काळजी घ्या आणि व्हॉल्यूम जरा कमी ठेवा.